दुखण्याला चौथी सीट

रविवारी सकाळी बदलापूरहून बारवी धरणापर्यंत सायकल मारली. मुळगावच्या चढावर दम लागला तरी उतरलो नाही, परतताना नदीजवळ चहा घेतला, आणि कात्रपला घरी पोहोचेपर्यंत कंबरेने चकार शब्द काढला नाही. मग सोफ्यावर बसून डाव्या पायातला मोजा काढायला वाकलो. मोजा अर्धा निघाला आणि मी तिथेच राहिलो.

वर होता येईना, खाली जाता येईना. "बाबा, काय शोधताय?" असं मुलाने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही, सरळ फोटो काढला. तो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अजून आहे. पुण्याच्या आत्याने त्यावर नमस्काराचे हात टाकलेत, कारण तिला वाटलं मी कुणाच्या तरी पाया पडतोय.

निदान करायला डॉक्टर लागला नाही. आई स्वयंपाकघरातून न बघताच म्हणाली, "उसण भरली." आणि पाठोपाठ उपायही सांगितला, "पायाळू माणूस शोधा. एक लाथ बसली की मोकळा होईल."

पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला माणूस. आमच्या सोसायटीत अशी माहिती कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते, पण ती सगळ्या काकूंना असते. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब आमच्या हॉलमध्ये उभे होते. सज्जन गृहस्थ. जन्मात कुणाला "अहो"शिवाय बोलले नसतील. "माफ करा हं, तुम्ही वयाने मोठे," असं म्हणत त्यांनी आधी माझ्या पायांना हात लावला, मग चप्पल काढली, भिंतीचा आधार घेतला आणि लाथ मारायला उजवा पाय उचलला. पाय माझ्या कंबरेपर्यंत आला आणि त्यांच्याच मांडीत गोळा आला. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं शेजारी शेजारी पालथे पडून होतो आणि आई एकाच वाटीतून दोघांनाही तेल चोळत होती.

घरात दुखणं आलं की आधी आरोपी ठरतो आणि मग तपास सुरू होतो. आमच्याकडे आरोपी बाल्कनीतच उभा होता. पातळ टायर, खाली वळलेलं हँडल, आणि अंगावर किमतीचा डाग. ती किंमत मी घरी निम्मी सांगितली होती.

"अहो, विका ती," बायको म्हणाली.

मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. वाळवंटं, जंगलं ओलांडत १९२८ साली तिघांनी ती पुरी केली. कुठे फिजिओथेरपी होती तेव्हा?

"आणि उरलेल्या तिघांची कंबर?" तिने विचारलं.

दुसरा दाखला घरचाच होता आणि तो माझ्या विरोधात गेला. माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, आणि त्यात पाठ ताठ ठेवून, हँडलला डबा लटकवून येणारे बाबा मला लांबूनही ओळखू यायचे. उभं हँडल, खाली स्प्रिंगा असलेली रुंद सीट. माणूस सायकलवर नव्हे, खुर्चीवर बसून गावभर फिरतोय असं वाटायचं. बाबांच्या सायकलला गिअर नव्हते आणि बाबांना कंबर नव्हती. म्हणजे असणारच, पण तिचा विषय घरात कधी निघाला नाही.

माझं सायकलप्रेम वेगळ्या घराण्याचं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हा मी त्यांचे फोटो बघून दोन निर्णय घेतले. हँडल खाली करायचं आणि सीट वर करायची. त्या फोटोमागे किती वर्षांचा सराव आहे हे फोटोत दिसत नव्हतं, म्हणून ते मी हिशेबात धरलं नाही.

उसण आठवड्यात उतरली, पण दुखणं राहिलं. महिना झाला, तीन महिने झाले. तीन महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात. आमच्याकडे 'याचं नेहमीचंच' म्हणतात. बदलापूर हे नाव घोड्यांवरून पडलं असं इथे सांगतात. लांबच्या प्रवासात दमलेले घोडे इथे बदलून मिळायचे म्हणे. मी चौकशी केली. कंबर बदलून देणारं दुकान अजून निघालेलं नाही.

शेवटी उल्हासनगर गाठलं. हाडांचे डॉक्टर कॅम्प नंबर चारमध्ये. बाहेरच्या माणसाला हा पत्ता ऐकून लष्करात आल्यासारखं वाटतं, आणि ते अगदीच चूक नाही. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर इथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बऱ्याच बराकी गेल्या, त्यांच्या जागी जीन्सचे कारखाने आणि फर्निचरची दुकानं आली, पण कॅम्पचे आकडे तेच राहिले, एक ते पाच.

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला आणि मला कळलं की माझ्या कंबरेतही उल्हासनगरच आहे. तिथेही पाच मणके, एक ते पाच. एक, दोन, तीनमध्ये सगळं सुरळीत. भानगड होती ती चार आणि पाचच्या मध्ये. तिथली गादी थोडी बाहेर आलेली. कॅम्प चार आणि पाचच्या मध्ये दुकानदाराने माल फुटपाथवर मांडावा आणि रहदारी खोळंबावी, तसंच काहीसं.

डॉक्टर शांत होते. म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा. मी मात्र रिपोर्टमधला 'डिजनरेटिव्ह' हा एकच शब्द घेऊन बाहेर पडलो. जिना उतरता उतरता तो मला जन्मठेपेसारखा वाटू लागला. त्याच भरात फर्निचर बाजारात शिरलो. दुकानदाराने माझी चाल बघितली आणि न विचारता 'ऑर्थो' गादी काढली. कंबर धरून चालणाऱ्या माणसाइतकं सोपं गिऱ्हाईक बाजारात दुसरं नसावं. गादी इतकी कडक निघाली की पहिल्या रात्री दोन वाजता बायको उठून मुलाच्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "एवढंच हवं होतं तर प्लॅटफॉर्मवर फुकट मिळालं असतं."

ऑफिसात, गाडीत, सोसायटीत रिपोर्ट सर्वांनी वाचला. आपल्याकडे एमआरआय ही खासगी गोष्ट नसते, ती पत्रिकेसारखी चार जणांना दाखवायची असते. एकाने सल्ला दिला, मेथीचे लाडू. दुसऱ्याने, पाठीवरून लाटणं फिरवून घ्या. तिसरा कंबरेचा पट्टा स्वतःच्या कंबरेचा सोडून मला द्यायला निघाला. 'सायकल सोडा' यावर मात्र सर्वांचं एकमत. आयुष्यात कधी सायकल न धरलेल्यांचं जरा जास्तच.

फिजिओथेरपिस्ट अंबरनाथला मिळाल्या, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी लवकर पोहोचलो म्हणून देवळात गेलो. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे १०६० साल, शिलाहारांचा काळ. काळा दगड, अंगभर कोरीवकाम, शेजारी वालधुनी. गाभाऱ्यात जायला खाली पायऱ्या उतराव्या लागतात. त्या एकेक करत, भिंतीला धरत उतरलो. वर येऊन मान उंचावून बघितलं तर शिखराचा माथा नाही. झिजलेले दगड, तुटलेले हात, पुसट झालेले चेहरे. मनात आलं, या इमारतीचा एमआरआय काढला तर रिपोर्ट किती पानांचा होईल? 'डिजनरेटिव्ह' हा शब्द ओळीओळीला येईल. तरी महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि 'दगड झिजलाय, आता देवपण झेपणार नाही' असं महादेवाला कुणी सांगत नाही.

हाच विचार मॅडमनी पुढे आकड्यांत सांगितला. काहीही न दुखणाऱ्या, धडधाकट लोकांचे स्कॅन काढून केलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी बाहेर आलेली, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांची. "म्हणजे केस पिकतात तसंच आहे हे," त्या म्हणाल्या. "आतले केस." मग त्यांनी गंभीरपणे काही प्रश्न विचारले. पायाला बधिरपणा? पायातला जोर कमी? लघवी-संडासवरचा ताबा सुटतो? यातलं काहीही झालं तर माझ्याकडे यायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे दोनदा बजावलं. माझं उत्तर तिन्हींना नाही होतं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाल्या, "वाका."

मी वाकलो. बोटं गुडघ्यांपर्यंत पोहोचली आणि पुढे रस्ता बंद.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मांडीमागचे स्नायू खुब्याच्या हाडाला खालून बांधलेले असतात. ते आखडले की हाडाला मागून ओढून धरतात. हँडल धरायला खुब्यातून वाकायला हवं, ते वाकणं होत नाही. मग तेवढं वाकणं बिचारी कंबर करते. दोन दोन तास."

सायकल गुन्हेगार ठरली, असं समजून मी मान खाली घातली. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. "ऑफिसला कसे जाता?"

"लोकलने. बदलापूर ते सीएसएमटी."

"बसून?"

आता बदलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. गाडी आमच्या गावातून सुटते, पण सीट आमची नसते. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी आधीच्या गाडीने उलटी बदलापूरला येतात आणि त्याच सीटवर बसून परत निघतात. आम्ही प्लॅटफॉर्मवर उभे, आणि आमची गाडी भरूनच आत येते. त्यामुळे गेली बावीस वर्षं मी बसतो ते चौथ्या सीटवर.

"चौथी सीट म्हणजे नेमकं कसं? बसून दाखवा," मॅडम म्हणाल्या. त्या स्वतः स्कूटीने येतात.

मी त्यांच्या बाकड्याच्या कडेला जाऊन प्रात्यक्षिक दिलं. तिघांसाठीच्या बाकावर चौथ्याची म्हणून जी वीतभर कड उरते, तिच्यावर एक कुल्ला. दुसरा हवेत. एक पाय वाटेत रोवलेला, म्हणजे ब्रेक लागला की तोच इंजिन आणि तोच नांगर. धड खिडकीकडे, पाय दरवाजाकडे. मांडीवर लॅपटॉपची बॅग, बॅगेवर मोबाइल, मोबाइलवर मान. दीड तास. मॅडम तीस सेकंद बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा. मलाच दुखायला लागलं."

मग कागदावर हिशेब मांडला. आठवड्याला गाडीत पंधरा तास, ऑफिसच्या खुर्चीत चाळीस तास आणि सायकलवर चार. पंचावन्न तासांचा आरोपी मोकळा फिरत होता आणि चार तासांचा बाल्कनीत कोठडीत होता.

बसणं म्हणजे विश्रांती, हा आपला पिढीजात समज. स्वीडनमधले डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर ताठ बसलेल्याचा १४०च्या आसपास, पुढे वाकून बसलेल्याचा त्याहून जास्त, आणि आडवं पडलेल्याचा सगळ्यात कमी. पुढच्या मोजण्यांत हे आकडे इकडेतिकडे झाले, पण वाकून बसणं महागात पडतं, यात बदल झाला नाही. त्या संध्याकाळी ऑफिसातून परतताना गाडी विठ्ठलवाडीला थांबली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अठ्ठावीस युगं तो विटेवर उभा आहे, कंबरेवर हात ठेवून. बडव्यांनी, भक्तांनी, राजांनी किती आसनं देऊ केली असतील! पण त्याला आतली गोष्ट ठाऊक होती. बसलो की संपलो.

सायकल निर्दोष सुटली नाही, जामिनावर सुटली. सीट तपासायची रीत सोपी आहे. सीटवर बसायचं, पायडल तळाशी न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. माझी टाच पायडलला पोहोचतच नव्हती. "मागून बघितलं मी तुम्हाला," मुलगा म्हणाला, "प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवी, डावी-उजवी. लावणीच." उंच सीटमुळे पाय पोहोचवायला कंबर हलत होती, दर मिनिटाला साठ वेळा, तासन् तास. ढोलकीशिवाय.

उल्हासनगरातल्या सायकलवाल्याकडे गेलो. सिंधी म्हातारा, चष्मा कपाळावर, पाना खिशात. सीट दोन बोटं खाली केली. हँडलखाली कड्या घालून ते वर आणलं. टायर दाबून बघितलं. मी त्यात हवा पुरीसारखी टम्म भरत असे. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आणि पेव्हर ब्लॉकची प्रत्येक फट त्या टायरमधून सीटमध्ये आणि सीटमधून थेट माझ्या कॅम्प चार-पाचमध्ये येत होती. त्याने एकतृतीयांश हवा काढली. ती सुटतानाचा आवाज मला ओळखीचा वाटला. मोजा अर्धा निघाला तेव्हा माझ्या तोंडून तोच निघाला होता.

मीही काही वाचून गेलो होतो. म्हटलं, १९९९ साली इस्रायलच्या डॉक्टरांनी कंबरदुखीवाल्या सायकलस्वारांच्या सीटचं नाक दहा-पंधरा अंश खाली केलं आणि सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांना बरं वाटलं. म्हाताऱ्याने चष्मा डोळ्यांवर आणून मला नीट बघितलं. "साईं, इतना झुकाऊंगा तो आप सीधा हँडल पे आ जाओगे." मग तडजोड झाली. नाक किंचित खाली, माझं आणि सीटचंही.

गिअरचीही सवय सुटली. मोठा गिअर टाकून, दात-ओठ खात, हळूहळू रेटायचं म्हणजे मर्दानी, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तो जोर पायांना पेलत नाही आणि कंबर उधार देते. आता हलका गिअर, मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या. दिसायला वेडगळ दिसतं. शिलाई मशीन चालवतोय असं वाटतं. पण जीन्सच्या गावाजवळ राहून मशीनची लाज कसली?

खरी परीक्षा घरचा व्यायाम. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल मणक्याच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले प्राध्यापक, आणि त्यांचे तीन व्यायाम प्रसिद्ध आहेत. त्यातला एक 'बर्ड डॉग'. चतुष्पाद व्हायचं, उजवा हात पुढे, डावा पाय मागे, आणि पाठ अशी स्थिर ठेवायची की वर चहाचा कप ठेवला तर सांडू नये. पहिल्या दिवशी आईला वाटलं माझं काहीतरी पलंगाखाली गेलंय. ती काठी घेऊन आली. कामवाल्या मावशींनी एक शब्द न बोलता माझ्या पोटाखालून झाडू फिरवला आणि म्हणाल्या, "दादा, जरा डावा पाय." आता रोज सकाळी त्यांची आणि माझी वेळ जुळते. मी फर्निचर झालोय. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात शोभेल असं.

सहा महिने झाले. कुणी "बरं झालं का?" असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. 'हो' म्हटलं तर खोटं, 'नाही' म्हटलं तर तेही खोटं. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग कोंडेश्वर, मग पुन्हा बारवी. दर वीस मिनिटांनी पायडलवर उभं राहायचं. गाडीत सीट मिळाली तरी अंबरनाथ गेलं की उठायचं आणि कल्याणपर्यंत उभं राहायचं. यावर डब्यात पहिल्या दिवशी शांतता पसरली होती. बदलापूरचा माणूस मिळालेली सीट सोडून स्वखुशीने उठतोय, हे कुणी पाहिलं नव्हतं. एकाने हळूच विचारलं, "काका, घरी सगळं ठीक ना?"

गेल्या रविवारी मुळगावच्या चढावर ते आलंच. डावीकडे, खाली, नेहमीच्या जागी. पूर्वी असं झालं की मी घाबरून उतरायचो आणि घरी फोन करायचो. तेव्हा दुखणं खिडकीत बसलं होतं, वारा खात, आणि मी दाराशी लोंबकळत होतो. या वेळी घाबरलो नाही. गिअर हलका केला, पायडलवर उभा राहिलो, पाठ जरा लांबवली. गाडीत उभ्या माणसाने बसलेल्याला विचारावं तसं मी त्याला विचारलं, "कुठे उतरणार?"

उत्तर ठाऊकच होतं. बदलापूरला काही ते उतरत नाही. ते कर्जतचं आहे, कदाचित खोपोलीचंही.

"बरं, मग सरक," म्हटलं. "खिडकी सोड. चौथी देतो."

वरून धरणाचं पाणी दिसलं. ते मागे, अर्ध्या कुल्ल्यावर, एक पाय वाटेत रोवून बसलेलं. त्याला तिथे कसं वाटतं, ते मला बावीस वर्षं ठाऊक आहे.